शामोनीच्या गॅलऱ्या

(धावपटूंच्या मेळाव्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यातले चौघंजण या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या आल्प्सच्या दरीत, शामोनीला पळायला निघालेत आणि चौघांनीही मला एकच विचारलं, उंचीचा त्रास होईल का? शामोनी गाव 1035 मीटरवर आहे. आपलं महाबळेश्वर त्याहून उंच. तेव्हा स्टेशनावर उतरल्या उतरल्या धाप लागली तर दोष उंचीला देऊ नका, बॅगांचं वजन बघा.

उंची पुढे येते, आणि झटकन येते. गावाच्या डोक्यावर मों ब्लां उभा आहे, 4800 मीटरच्या थोडा वर. म्हणजे बेकरीच्या दारात ब्रेड घेऊन उभं राहिलं की समोर पावणेचार हजार मीटरची भिंत. शेजारच्या ले प्रा गावातून केबल कारनं वर गेलात तर ला फ्लेजेर नावाच्या जागी 1877 मीटरवर उतरता. कळसूबाई 1646. आपलं सर्वोच्च शिखर खाली राहिलं आणि तुमची पहिली पळण्याची वाट अजून सुरूच झालेली नाही!

आता दरीचा नकाशा डोक्यात बसवू. मी तो वाड्यासारखा बसवतो. तळाशी अंगण, त्यातून वाहणारी आर्व्ह नदी. दोन्ही बाजूंना भिंती आणि प्रत्येक भिंतीला दोन मजल्यांवर गॅलऱ्या. हा शब्द माझा नाही बरं का. तिथले लोकच या वाटांना बाल्कों म्हणतात. खालच्या मजल्यावरची ती पती बाल्कों, धाकटी. वरची ग्रां बाल्कों, थोरली. एकदा मजला गाठला की गॅलरीत जसं आपण या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, तशी वाट डोंगराच्या कडेनं आडवी जाते. डोंगरात आडवं पळायला मिळणं ही केवढी चैन आहे ते सह्याद्रीत पळणाऱ्याला सांगायला नको.

पण नावांशी जपून. मी पहिल्याच दिवशी फसलो. मला बाल्कों सुद, म्हणजे दक्षिणेची गॅलरी हवी होती, म्हणून मी होकायंत्र बघून गावाच्या दक्षिणेला चढायला लागलो. तासाभरानं पाटी आली, तिच्यावर लिहिलेलं बाल्कों नोर. उत्तर! एका म्हाताऱ्या बाईंनी हसत हसत खुणेनं समजावलं, की नाव उतार कुठे आहे त्यावरून पडलेलं नाही, तो कुठे बघतो त्यावरून पडलंय. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, दक्षिणमुखी मारुती! दक्षिणमुखी मारुती काय गावाच्या दक्षिणेलाच असतो? तसंच हे. बाल्कों सुद दरीच्या उत्तरेकडच्या एग्वी रूज या डोंगररांगेच्या उतारावर आहे, दक्षिणेकडे तोंड करून. तिच्यावर ऊन पडतं, बर्फ लवकर वितळतं आणि समोर सगळा मों ब्लां दिसतो. बाल्कों नोर मों ब्लांच्याच पायाशी, सावलीत. तुम्ही जूनमध्ये जाणार असाल तर सुदवरच राहा. नोरच्या वरच्या मजल्यावर तेव्हा घळींत बर्फ साचलेलं असतं आणि आपल्या पळण्याच्या बुटांचं त्यावर काही चालत नाही.

दुसरी गोष्ट पाट्यांची. तिथल्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात. गावाचं किंवा जागेचं नाव, आणि पुढे तास-मिनिटं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा गटातला एकजण प्रत्येक पाटीपाशी चिडायचा, ‘अरे पण किलोमीटर किती?’ तो दर किलोमीटरला साडेपाच मिनिटांचा हिशोब घेऊन आला होता. शामोनीहून प्लांप्राला जी सरळसोट चढणारी वाट आहे, तिच्यावर शर्यत होते, 3.8 किलोमीटरमध्ये 1000 मीटर चढ. जगातले अव्वल धावपटूसुद्धा तिला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ घेतात. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ नऊ मिनिटं, आणि ते अव्वल! आता सांगा, तुमचं घड्याळ तिथे काय कामाचं? पाटीवरचे तास चालणाऱ्यांचे असतात, तासाला साधारण 300 मीटर चढ असा तो हिशोब. मी पाटीवरच्या वेळेच्या दोनतृतीयांश धरतो आणि तेवढ्यात बहुतेक वेळा पोचतो. तुम्ही तुमचा आकडा पहिल्या दोन दिवसांत काढा आणि मग त्याच्याशी भांडू नका.

आणि चढ चाला. आतकरवाडीतून सिंहगड न थांबता पळत चढण्याचा आपल्याला अभिमान असतो, मलाही आहे. पण तो चढ सहाशे मीटरच्या आसपास संपतो आणि वर पिठलं-भाकरी मिळते. इथे तेवढ्या चढाला धाकटी गॅलरी मागे पडते, थोरली अजून लांब असते. शर्यतीत पुढे असणारेसुद्धा तीव्र चढावर गुडघ्यावर हात ठेवून किंवा काठ्या टेकत चालतात.

अंगणाबद्दल फार बोलत नाही. आर्व्हच्या काठानं ले प्रापर्यंत सपाट, सावलीची वाट आहे, प्रवासाचा शीण घालवायला छान. नदीचं पाणी मात्र बघा, पिठाच्या हातासारखं राखाडी. तो गाळ म्हणजे खरोखरच पीठ आहे, हिमनदीनं खाली दाबून दळलेल्या खडकाचं. उन्हाळ्यात दुपारी ते जास्त गढूळ होतं, कारण वर बर्फ वितळत असतं.

धाकटी गॅलरी, पती बाल्कों सुद, ही माझी आवडती. झाडीतून जाते, मुळं खूप, पण चढउतार सोसवेल असा. वाटेत ला फ्लोरिया नावाचं लाकडी उपाहारगृह लागतं, फुलांनी इतकं झाकलेलं की आत माणसं आहेत हे नंतर कळतं. पुढे आर्जांतिएरपर्यंत जा आणि छोट्या लाल रेल्वेनं परत या. शर्यतीच्या नादात लोक ही वाट सोडतात, मला वाईट वाटतं.

वरच्या मजल्यावर एकच सांगतो, ती ग्रां बाल्कों नोर. एग्वी द्यू मिदी या शिखराची केबल कार 3842 मीटरपर्यंत जाते, पण तुम्ही मधल्या थांब्यावर, प्लां द लेग्वीला, 2317 वर उतरा. तिथून सहा-सात किलोमीटर आडवं गेलं की मोंतांव्हेर, 1913. दगडी वाट, मध्येच मार्मोट नावाच्या डोंगरी खारीसारख्या प्राण्याची शिट्टी. मोंतांव्हेरला मेर द ग्लास, म्हणजे बर्फाचा समुद्र, ही हिमनदी आहे. 1741 साली विंडम आणि पोकॉक हे इंग्रज जिनीव्हाहून इथे आले आणि परत जाऊन त्यांनी तिचं वर्णन केलं, त्यानंतर हौशी प्रवाशांची रीघ लागली. त्यांना वाट दाखवली गावातल्या लोकांनी. कड्यांमधून स्फटिक शोधून विकणं हा इथल्या कित्येकांचा धंदा होता, त्यांच्या पायांनी मळलेल्या या वाटा. आपण पळणारे सगळ्यात शेवटी आलेले भाडेकरू.

मी तिथे जुन्या चित्रांतला समुद्र शोधत कठड्यापाशी गेलो, तर खाली राखाडी खडीची खोल खाण. बर्फाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर पाट्या लावल्यात, अमुक साली हिमनदी इथे होती. 1988 साली तिथली गोंडोला, म्हणजे छोट्या डब्यांची केबल कार, सुरू झाली तेव्हा खाली उतरून मोजक्या पायऱ्यांत बर्फाला हात लागायचा. पुढे त्या पायऱ्या पाचशेच्या वर गेल्या. 2024 साली शेवटी वरच्या अंगाला नवी गोंडोला बांधली. मी त्या जिन्यानं खाली गेलो होतो. एका पाटीपासून पुढच्या पाटीपर्यंत उतरताना माझी मांडी थरथरली, आणि तेवढ्या उंचीचं बर्फ माझ्या नोकरीच्या काळात गेलं होतं.

शर्यतीबद्दल विचाराल म्हणून थोडक्यात. मों ब्लांला प्रदक्षिणा घालणारी मोठी शर्यत 2003 पासून होते, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असा फेरा, 170 किलोमीटरच्या आसपास आणि 10,000 मीटर चढ. पहिल्या वर्षी हवा इतकी वाईट होती की सातशेच्या आसपास निघाले आणि 67 जणांनीच पूर्ण केली. जिंकला नेपाळचा दावा शेर्पा, 20 तास 5 मिनिटांत. ऑगस्टअखेरच्या त्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते. भाग घेणार नसाल तर दुसरा आठवडा निवडा.

आता माझा मूर्खपणा. ला फ्लेजेरच्या वर लाक ब्लां हे तळं आहे, 2352 मीटरवर. तिथे फोटोंच्या नादात रमलो आणि खाली आलो तर शेवटची केबल कार निघून गेलेली. वेळ पाटीवर स्पष्ट लिहिलेली होती, मीच वाचली नव्हती. मग आठशे मीटर उतार, संध्याकाळचा, डोक्याला लावायचा दिवा खोलीवर. वर ढग जमलेले, गडगडाट सुरू. दुसऱ्या दिवशी जिना मी पाठमोरा उतरलो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वादळ ठरलेलं, तेव्हा पहाटे निघा, दुपारी खाली या. चढ स्वतः चढा, उतार केबल कारला द्या. यात कमीपणा नाही, गुडघे घेऊन आपल्याला परत यायचंय.

शेवटची एक वाट. तिच्यावर पळायला काही विशेष नाही, तरी प्रत्येकानं जावं असं मला वाटतं. ले बोसों गावातून हिमनदीकडे चढते, साडेतीनशे मीटर चढ, 1358 वर एक छोटं उपाहारगृह. 24 जानेवारी 1966 ला मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान जिनीव्हाला उतरण्याआधी मों ब्लांच्या माथ्याजवळ आदळलं. 117 माणसं गेली, त्यांत होमी भाभा. 1950 साली एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ जवळपास तिथेच पडलं होतं. बोसों हिमनदी तेव्हापासून ते सगळं हळूहळू खाली आणतेय. 2020 च्या उन्हाळ्यात त्या उपाहारगृहाच्या मालकाला हिमनदीवर भारतीय वर्तमानपत्रांचा गठ्ठा सापडला, ओला पण वाचता येणारा. पहिल्या पानावर इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी. त्यांचा शपथविधी झाला तोही 24 जानेवारीलाच. विमानात ठेवलेला तो अंक खाली पोचायला 54 वर्षं लागली.

मला ती वाट चढायला चाळीस मिनिटं लागली. वर कॉफी घेतली, बराच वेळ बर्फाकडे बघत बसलो. परत निघताना घड्याळ सुरू करायचं राहिलं. तो उतार माझ्या नोंदीत नाही.