कामगाराच्या पेन्शनचं पहिलं कार्ड

नमस्कार मंडळी! कामगाराच्या म्हातारपणासाठी सरकारनं कायदा करून देशभर विमा सुरू करायचा, हे पहिल्यांदा केलं जर्मनीनं, १८८९ साली. चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, होता बिस्मार्क. त्याला कामगारांचा फार पुळका होता असं काही नाही हं, १८७८ ला त्यानेच समाजवाद्यांच्या सभा आणि पेपर बंद पाडलेले, तरी कामगार त्यांच्याकडेच जात होते, मग म्हटलं यांना सरकारशी बांधून ठेवू. संसदेत कायदा जेमतेम पास झाला, १८५ विरुद्ध १६५. समाजवाद्यांनी विरोधात मत दिलं, पेन्शन अगदीच तुटपुंजी म्हणून, आणि त्यात खोटं काय होतं?

१ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक कामगाराला एक कार्ड मिळालं. पगार देताना मालकानं त्यावर आठवड्याच्या विमा हप्त्याचं तिकीट चिकटवायचं. सगळ्यात कमी पगारवाल्याचं तिकीट १४ फेनिगचं (१०० फेनिग म्हणजे १ मार्क, जर्मनीचं तेव्हाचं चलन), त्यातले निम्मे कामगाराचे, निम्मे मालकाचे, आणि पेन्शन सुरू झाली की सरकार वर्षाला ५० मार्क वरून घालणार. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायकासुद्धा यात होत्या, हे मला फार मोठं वाटतं. आणि कायद्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली, की कामगार कसा वागतो, कसं काम करतो याबद्दल मालकानं कार्डावर एक अक्षरही लिहायचं नाही. नाहीतर एका मालकाशी भांडण झालं की त्याच कार्डानं दुसरीकडची नोकरी गेली असती!

आता वय बघा. बरेच जण सांगतात बिस्मार्कनं ६५ ठरवलं, पण ते होतं ७०, खाणीत आणि गिरणीत राबलेला माणूस सत्तरीपर्यंत टिकणार कसा? म्हणून खरा आधार झाला तो अपंगत्वाच्या पेन्शनचा, शरीर थकलं, कमाई होईना, की वय काहीही असो ती मिळायची, फक्त ५ वर्षांची तिकिटं भरलेली हवीत. वय ६५ वर आलं ते १९१६ मध्ये, महायुद्ध चालू असताना.

आणि नवरा गेला तर? बायकोला पेन्शन नाही. विधवांसाठी तरतूद झाली १९११ च्या कायद्यात, तीही कामगाराची विधवा स्वतः काम करण्याच्या पलीकडे गेली असेल तरच. धडधाकट आहेस ना, मग जा कामाला, असा सरळ हिशोब, पदरात पोरं किती ते कुणी विचारलंच नाही.