शेवंडीचं कवच

मंडळी, कोकणातले जे कुणी बसलेत त्यांनी शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, हाताळलीच असेल. शेपूट किती आपसूक वळतं, पण पाठीवर नख रुतत नाही. इंग्लंडच्या यादवी युद्धात, 1643 साली, संसदेच्या बाजूच्या एका घोडदळ तुकडीला लोक ‘शेवंडी’ म्हणायचे. सर आर्थर हेझलरिगची ही तुकडी. नखशिखान्त म्हणवत नाही, कारण गुडघ्याखाली लोखंड नसे, तिथं बूट. वर मात्र सगळा पत्रा.

चिलखत म्हटलं की आपल्याला कड्यांचं जाळं आठवतं. अफझलखानाच्या भेटीला महाराजांनी अंगरख्याखाली घातलं होतं म्हणतात, तसलं. हे प्रकरण वेगळं. छातीला अखंड जाड पत्रा, कारण पिस्तुलाची गोळी तिथंच अडवायची. पण खोगिरावर बसायचं तर मांडी वळली पाहिजे. म्हणून कमरेपासून गुडघ्यापर्यंत आडव्या पट्ट्या, कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या. खरी कारागिरी आतल्या बाजूला. लोखंडी पट्ट्या आतल्या चामड्याच्या वाद्यांवर रिव्हेटनं, म्हणजे डोकं चपटं केलेल्या खिळ्यानं, ठोकलेल्या, आणि जिथं जास्त हालचाल तिथं एका पत्र्याला साधं भोक, दुसऱ्याला लांबट खाच. रिव्हेट त्या खाचेत मागंपुढं सरकतो. एवढ्याशा खाचेवर सगळा डोलारा! चामडं कुजलं की पट्ट्या लोंबायला लागतात.

आणि वजन? पंचवीस-तीस किलो सहज, काहींचं त्याहून जास्त. राजाच्या पदरच्या सर एडमंड व्हर्नीनं 1639 मध्येच मुलाला कळवलं होतं की एवढं सगळं घालून चाकरी केली तर माणूस त्यानंच मरेल. आपण घालणार ते छाती-पाठीचा पत्रा आणि लोखंडी हातमोजा, बस्स.

आता 13 जुलै 1643, राउंडवे डाउनची लढाई. शेवंडींची फळी फुटली, हेझलरिग पळाला. राजाच्या बाजूच्या रिचर्ड ऍटकिन्सनं त्याला गाठलं. पिस्तूल अगदी डोक्याला टेकवून झाडलं. काही नाही! तलवार चालवली, तीही फुकट. शेवटी ऍटकिन्स वैतागून घोड्याकडे वळला. घोड्याला कुठला पत्रा? जनावर घायाळ झालं आणि हा लोखंडी गृहस्थ शरण यायच्या बेतात आला, तोच त्याची माणसं धावून आली. हे सगळं ऍटकिन्सनं स्वतःच लिहून ठेवलंय. किस्सा पहिल्या चार्ल्सच्या कानावर गेला तेव्हा तो म्हणाला म्हणे, तटबंदी होती तशी आत रसदही असती, तर गडी वेढासुद्धा सोसला असता. या राजाच्या विनोदबुद्धीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पुढं असा पूर्ण पत्रा मागं पडत गेला. राहिलं ते छाती-पाठीचं कवच, खाली जाड कातडी कोट, आणि डोक्यावर ‘शेवंड-शेपटी’ शिरस्त्राण. ते मूळ तुर्कांचं. जर्मनांनी नावासकट उचललं. त्याच्या मानेवर उतरणाऱ्या पट्ट्या आधी खरोखर सुट्या असत. इंग्लंडमधली पुष्कळ शिरस्त्राणं मात्र उलटी करून पाहा. आत चामडं नाही, रिव्हेट नाहीत, खाचा नाहीत. एकच पत्रा, त्यावर पट्ट्या दिसाव्यात म्हणून नुसत्या वळ्या ठोकलेल्या.