भोवती साखर, तरी यीस्ट उपाशी

(टेबलावर काचेचा ग्लास, शेजारी यीस्टचं पाकीट)

नमस्कार मंडळी. या ग्लासात कोमट पाणी आहे, दोन चमचे साखर आहे, आणि आता त्यात मी चमचाभर यीस्ट टाकतोय. घरी पाव करणाऱ्यांना पुढचं माहीत आहे. दहा-पंधरा मिनिटांत वर फेस येईल, आंबूस वास सुटेल. तोवर मला तुम्हाला अशा एका यीस्टबद्दल सांगायचंय, ज्याला भरपूर ग्लुकोज दिलं की त्याची वाढच थांबते. असं का होतं, हे उलगडायला जमाखर्चाचं गणित कामी आलं.

पेशीत ग्लुकोज फुटतं ते दहा पायऱ्यांत. या वाटेचं नाव ग्लायकोलायसिस. प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर, काम करतं. वरच्या पायऱ्यांवर पेशी एका ग्लुकोजमागे पदरचे दोन एटीपी घालते. एटीपी ही पेशीची रोकड. खालच्या पायऱ्यांवर चार एटीपी परत येतात. बी-खताला आधी पैसे घालायचे, पीक नंतर, तसंच हे.

याचं मॉडेल म्हणजे एक खतावणी. मधल्या प्रत्येक पदार्थाचं एक खातं उघडायचं आणि दर क्षणाला लिहायचं: किती तयार झाला, वजा किती खर्चला. एन्झाइमच्या वेगाचं सूत्र १९१३ मध्ये लिओनोर मिकाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी मांडलं, तेही इन्व्हर्टेजवर काम करताना. या ग्लासातली साखर आत्ता फोडतंय ना, तेच एन्झाइम! सूत्राचा गाभा सोपा आहे. गिरणीसमोर दळणाच्या डब्यांची रांग वाढली म्हणून जातं जोरात फिरत नाही. एन्झाइमचंही तसंच, एका मर्यादेपुढे कितीही साखर ओता, वेग वाढत नाही.

२००० साली नेदरलँड्समध्ये बास ट्युसिंक आणि सहकाऱ्यांनी पावाच्या यीस्टमधल्या बहुतेक एन्झाइम्सचे वेग स्वतः मोजले, उरलेले आधीच्या अभ्यासांतून घेतले आणि सगळे मॉडेलमध्ये भरले. पहिलं मॉडेल फसलं. खरं यीस्ट संथ, स्थिर चालत होतं, मॉडेल मात्र स्थिरावेचना. कारण त्यांनी फक्त मुख्य वाट धरली होती. ग्लायकोजेन, ट्रेहालोज, ग्लिसरॉल, सक्सिनेट हे पदार्थ बनवणाऱ्या आडवाटा जोडल्यावर ते स्थिरावलं. तरीही निम्म्याच एन्झाइम्सचा हिशोब प्रत्यक्षाशी दुपटीच्या फरकात जुळला. हे फसणं त्यांनी लपवलं नाही, शोधनिबंधात मांडलं. मला या कामाबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

आता आपलं उपाशी यीस्ट. त्याच्यात टीपीएस-१ नावाचं एक जनुक बिघडलेलं असतं. हे जनुक ट्रेहालोज बनवण्याच्या आडवाटेवरचं. साठवणुकीच्या साखरेचं जनुक नसलं, तर ग्लुकोज का पचू नये?

(पाटीवर लिहीत) हे आकडे माझे, समजण्यापुरते. समजा, वरच्या पायऱ्या मिनिटाला १० ग्लुकोज आत घेतात आणि खालच्या पायऱ्या ८ निपटतात. मध्ये दर मिनिटाला २ साचणार. साचतं ते फ्रुक्टोज बिसफॉस्फेट, म्हणजे या वाटेवरचा एक मधला पदार्थ, आणि त्याच्या प्रत्येक रेणूत दोन फॉस्फेट अडकलेले. खालच्या एका पायरीला मोकळं फॉस्फेट लागतंच. ते आटलं की ८ चे ७, ७ चे ६. खालची बाजू ५ वर आली की बघा: वरचा खर्च दहा दुणे वीस, खालची कमाई पाच चोक वीस. हातात शून्य. दारात साखरेचा ढीग आणि घरात दमडी नाही!

मग साध्या यीस्टचं असं का होत नाही? ट्रेहालोज तयार होताना मध्येच ट्रेहालोज-६-फॉस्फेट नावाचा पदार्थ बनतो. तो पहिल्याच पायरीवरच्या हेक्सोकायनेज या एन्झाइमला आवरतो. शिवाय ट्रेहालोज पुरं होताना अडकलेलं फॉस्फेट मोकळं होतं. टीपीएस-१ बिघडलं की ब्रेक गेला. ट्युसिंक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्येच अशा रचनेला 'टर्बो' म्हटलं होतं: मिळालेली कमाई पुन्हा सुरुवातीलाच ओतली जाते, म्हणून ही रचना बेफाम होऊ शकते.

२०१४ मध्ये नेदरलँड्समधूनच पुढचा अभ्यास आला. मॉडेल सांगत होतं की एकाच पेशीपुढे दोन्ही शेवट खुले आहेत, सुरळीत चालणं किंवा असं अडकणं. कुठला वाट्याला येईल, ते साखर आली त्या क्षणी पेशीत काय किती होतं त्यावर ठरतं. मग एकेक पेशी तपासली, तर बिघाड नसलेल्या यीस्टमध्येही थोड्या पेशी अडकलेल्या सापडल्या. आणि बिघडलेल्या जातीतल्या अगदी मोजक्या पेशी ग्लुकोजवर चक्क वाढत होत्या.

(ग्लास कॅमेऱ्याजवळ धरून) हा बघा, आला फेस. याच्याखालीही, तीच जनुकं घेऊन आलेल्या काही पेशी या क्षणी अशाच अडकून बसलेल्या असू शकतात.