‘बसा’ म्हणायला आदेश लागतो?

[दृश्य: बेळगाव, चन्नम्मा चौक. सकाळची गर्दी. कॅमेरा न्यायालयाच्या आवाराकडे वळतो.]

निवेदन:

कोर्ट उघडायची वेळ झाली की चन्नम्मा चौकातल्या गर्दीत एक वेगळी माणसं दिसायला लागतात. जांबोटी, कणकुंबीकडून पहिली बस पकडून आलेली. काखेत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सात-बाराचे उतारे, जुनी समन्सं, वकिलाच्या फीची पावती. आत नावाचा पुकारा होतो. दोन मिनिटांत पुढची तारीख पडते. का पडली, हे कुणी सांगत नाही. विचारलं तर उत्तर येतं, ‘बाहेर थांब.’

दिवसाचा रोजगार बुडाला, तो बुडालाच. पण घरी गेल्यावर हा माणूस रोजगाराचं बोलत नाही. तो म्हणतो, ‘साहेबानं मान वर करून बघितलं पण नाही.’

[दृश्य: कोर्टाचा व्हरांडा, टंकलेखक, मुद्रांक विक्रेते.]

न्यायाधीशानं माणसाशी नीट बोलावं, ही अपेक्षा नुसत्या शिष्टाचाराची नाही. २००१ मध्ये बंगळूरला निरनिराळ्या देशांतले वरिष्ठ न्यायाधीश जमले आणि न्यायाधीशांच्या वर्तनाच्या संहितेचा मसुदा तिथं पुढं आला. पुढच्या वर्षी हेगमध्ये तो पक्का झाला. जग त्याला ‘बंगळूर तत्त्वं’ म्हणतं. पक्षकार, साक्षीदार, वकील या सगळ्यांशी न्यायाधीशानं संयमानं आणि सौजन्यानं वागावं, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यांकडूनही तसंच वागणं करून घ्यावं, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे दारावरच्या पट्टेवाल्याचा आवाजसुद्धा न्यायाधीशाच्याच खात्यात जमा होतो. आपल्याच राज्याच्या राजधानीचं नाव लागलेली ही संहिता आपल्या तालुक्याच्या कोर्टांत किती जणांना माहीत असेल?

सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींनी सुनावणीच्या ओघात बंगळूरच्या एका वस्तीला ‘पाकिस्तान’ म्हटलं. एका महिला वकिलाला उद्देशून केलेल्या शेऱ्याचीही चित्रफीत फिरली. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केला, प्रकरण मिटलं. ते उघडकीला आलं, कारण सुनावणीचं थेट प्रक्षेपण होतं. खालच्या कोर्टात रोज जे बोललं जातं, ते सहसा कुणाच्या मोबाइलवर येत नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी १९८० च्या दशकात शिकागोतल्या नागरिकांना पोलिसांचा आणि कोर्टाचा अनुभव विचारला होता. निकाल आपल्या बाजूनं लागला की नाही, यापेक्षा आपलं ऐकून घेतलं का, माणसासारखं वागवलं का, याचं वजन लोकांच्या मनात जास्त निघालं. बांधाचा दावा हरलेल्या इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. हरल्याचं दुःख त्याला असतंच; पण ‘माझं ऐकलंच नाही’ ही खंत तो पुढच्या पिढीला देऊन जातो.

[दृश्य: पोलीस ठाण्याचं फाटक. रस्त्यावरून घेतलेलं.]

आता ठाणं. सीमाभागात इथं भाषेचा प्रश्न आडवा येतो. १९५६ पासून आपण या राज्यात आहोत. या भागासाठी महाराष्ट्रानं २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळं फौजदार खेकसला की आपण चटकन म्हणतो, मराठी म्हणून खेकसला. कधी ते खरंही असतं. पण कन्नड बोलणारा गरीब माणूस त्याच बाकड्याजवळ उभा असतो, आणि त्यालाही तेच ऐकावं लागतं. उलट, एखादा कन्नड हवालदार ‘बर्री, कूड्री’, म्हणजे ‘या, बसा’, म्हणाला, तर म्हाताऱ्या मराठी बाईला ते बरोबर कळतं आणि ती निवांत बसते. पलीकडं जत किंवा अक्कलकोटला जा. तिथं कन्नड बोलणारा शेतकरी मराठी ठाण्यात असाच अवघडून उभा असतो. हे आपल्याकडच्या सभांमध्ये फारसं बोललं जात नाही.

[दृश्य: येळ्ळूर. गावाची वेस, बंद दारं, मोकळा रस्ता.]

जुलै २०१४. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक हटवण्यात आला. आदेश न्यायालयाचा होता. त्यानंतर तणाव वाढला, लाठीमार झाला, आणि पोलिसांनी घरांत शिरून मारल्याची तक्रार गावकऱ्यांनी केली. फलकाबद्दल दोन मतं असतील. पण आदेश फलक काढण्याचा होता, कुणाच्या माजघरात जाण्याचा नव्हता.

पोलिसांकडून एक उत्तर हमखास येतं: गोड बोललं की वचक राहत नाही. बरं, चोरावर वचक हवा. पण पोरगी दोन दिवस घरी आली नाही म्हणून रडत आलेल्या आईवर कशाला हवा?

त्यांची बाजूही आहे. १ नोव्हेंबरला मराठी भाषकांचा काळा दिवस आणि कर्नाटकचा राज्योत्सव एकाच शहरात. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन, रोज नवे मोर्चे. बंदोबस्तातल्या शिपायाला बसायला खुर्ची नाही, जेवायला वेळ नाही, आणि त्याचा वरचा साहेब त्याच्याशी ‘अरे’नंच बोलतो. तोच ‘अरे’ संध्याकाळी आपल्यापर्यंत पोहोचतो. मला वाटतं, सुधारणा सुरू करायची तर ती तिथून करावी लागेल.

[दृश्य: टेबलावर अर्ज, पेन, चष्मा. एका हाताचा अंगठा.]

तोवर काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. महाराष्ट्रातल्या एका स्थानबद्ध माणसाला स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली होती, ती भाषा त्याला येत नव्हती. तोंडी समजावलं होतं, असं सरकार म्हणालं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुरेसं मानलं नाही आणि त्याची सुटका केली. डी. के. बसू खटल्याच्या निकालानं, १९९६ मध्ये, अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसलाच पाहिजे, असं बजावलं. अटकेचा कागद जागेवर व्हावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, नातेवाइकाला कळवावं, हेही त्यातच आहे. आरोपीला कळत नसलेल्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल त्या भाषेत उघड कोर्टात सांगावी लागते. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितलं.

गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत देता येतो. राज्यघटनेचं कलम ३५० त्यासाठीच आहे. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. कन्नडमधला कागद पुढं आला, तर सहीआधी ‘वाचून दाखवा, साहेब’ एवढं म्हणायचं. साहेब चिडला, तर छातीवरचं नाव वाचून ठेवायचं.