दुर्बीणच गरम असेल तर काय दिसणार?

नमस्कार मंडळी. टीव्हीचा रिमोट जवळपास असेल तर आत्ता हातात घ्या, मोबाईलचा कॅमेरा चालू करा, शक्यतो सेल्फीवाला, आणि रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून कुठलंही बटण दाबा. स्क्रीनवर एक जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. आता तेच नुसत्या डोळ्यांनी बघा, काहीच नाही. शाळेत ज्याला आपण अवरक्त किरण म्हणायचो, आणि आता सगळे इन्फ्रारेडच म्हणतात, ते हे. आज बोलायचंय ते हेच किरण आकाशातून पकडणाऱ्या दुर्बिणींबद्दल.

हे किरण सापडले 1800 साली. विल्यम हर्शेल, ज्याने युरेनस शोधला तोच, लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात थर्मामीटर ठेवून कुठल्या रंगात किती उष्णता ते मोजत होता, आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे पारा अजूनच वर गेला. म्हणजे शोधच मुळी थर्मामीटरने लागला, आणि या विषयातली सगळी डोकेदुखीही तिथेच आहे बघा, कारण हा प्रकाश आणि उष्णता यांना वेगळं काढताच येत नाही.

कशी ते सांगतो. गरम असलेली प्रत्येक गोष्ट इन्फ्रारेडमध्ये उजळते. तुम्ही, मी, भिंत, चहाचा कप, सगळेच. आपल्या अंगातून सगळ्यात जास्त प्रकाश बाहेर पडतो तो साधारण 10 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मग दुर्बिणीचा आरसा, तिची नळी, वरची हवा हे पण त्याच तरंगलांबीला उजळणारच ना! हातात पेटती मशाल घेऊन काजवे शोधायला निघावं तशी गत. रात्र झाली म्हणून सुटका नाही, रात्री आरसा जरा कमी गरम एवढंच.

यावर खगोलवाल्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. तिला चॉपिंग म्हणतात. दुर्बिणीतला छोटा दुय्यम आरसा ते सेकंदाला काही वेळा इकडून तिकडे हलवतात, एकदा तारा, एकदा शेजारचं रिकामं आकाश, परत तारा, परत आकाश. मग पहिल्यातून दुसरं वजा करायचं. चकाकणारी हवा आणि आरसा दोन्हीकडे जवळपास सारखेच, ते जातात, उरतो तो तारा. रात्रभर दुर्बीण अशी मान हलवत बसते.

दुसरी कटकट पाण्याच्या वाफेची. हवेतलं बाष्प इन्फ्रारेडचा बराचसा भाग गिळून टाकतं, म्हणून मग या दुर्बिणी उंच आणि कोरड्या जागी न्यायच्या. हवाईतल्या मौना केआवर, 4200 मीटर उंचीवर, 1979 मध्येच दोन दुर्बिणी खास याच कामासाठी उभ्या राहिल्या, ब्रिटिशांची 3.8 मीटरची आणि नासाची 3 मीटरची. पण डोंगराला पण मर्यादा असते, त्यामुळे लोकांनी दुर्बीण थेट विमानात टाकली. 1977 मध्ये अशाच एका उडत्या वेधशाळेतून, कायपर तिचं नाव, युरेनसची कडी सापडली. नंतर आलं सोफिया, बोइंग 747 च्या पोटात अडीच मीटरची दुर्बीण, विमानाच्या बाजूला चक्क एक मोठं दार, 40 हजार फुटांच्या आसपास गेलं की ते उघडायचं आणि दुर्बीण उघड्या हवेत. आणि दुर्बीण एकाच बाजूला बघणार, म्हणजे कुठला तारा बघायचाय त्यावर विमान कुठे जाणार ते ठरायचं, पायलट बिचारा ताऱ्याच्या मर्जीने चालवायचा. याच सोफियाने चंद्राच्या उजेडातल्या भागात पाण्याचे रेणू ओळखले, 2020 मध्ये ते जाहीर झालं. 2022 ला विमान बंद केलं, मला तरी वाईट वाटलं.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर धुळीसाठी. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर इतकी धूळ आहे की साध्या प्रकाशात तिथलं काहीच दिसत नाही, पण 2 मायक्रॉनला बघितलं की तारे दिसायला लागतात. केक आणि व्हीएलटी या दुर्बिणींनी वर्षानुवर्षं त्या ताऱ्यांवर नजर ठेवली, त्यातला एक 16 वर्षांत कशाला तरी फेरी मारतो, आणि ते जे काही आहे, म्हणजे कृष्णविवर, ते सूर्याच्या 40 लाख पट वजनाचं. त्याबद्दल गेन्झेल आणि गेझ यांना 2020 चं नोबेल मिळालं.

आणि मग अंतराळ. तिथे हवा नाही, बाष्प नाही, उरते फक्त दुर्बिणीची स्वतःची उष्णता. ती घालवायला द्रवरूप हेलियम. 1983 चं आयरास हे दुर्बीणवालं यान जवळपास सगळं आकाश तपासून दहा महिन्यांत थांबलं, कारण टाकीतलं हेलियम संपलं आणि खेळ खल्लास. स्पिट्झरचं हेलियम 2009 ला संपलं तरी ते 2020 पर्यंत थोडंफार काम करत राहिलं, त्या काळाला ते लोक "वॉर्म मिशन" म्हणायचे. वॉर्म म्हणजे किती, तर उणे 240 अंशांच्या आसपास!

जेम्स वेबने टाकीची भानगडच ठेवली नाही. पाच थरांची छत्री, टेनिस कोर्टाएवढी, एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला सावलीत 6.5 मीटरचा सोनेरी आरसा, आपोआप थंड होत जाणारा. सोनं दिखाव्याला नाही हं, इन्फ्रारेड परतवायला सोनं चांगलं म्हणून. फक्त एका उपकरणाला त्याहूनही थंडी लागते, 7 केल्विनच्या, म्हणजे उणे 266 अंशांच्या खाली, त्याच्यासाठी एक कूलर आहे, त्यात तोच तो हेलियम वायू बंद नळ्यांतून फिरत राहतो, उडून जात नाही. आणि वेबचे फोटो मोबाईलवर येतात ना, निळे, केशरी, लाल, ते रंग इथे बसून दिलेले असतात, छोट्या लांबीला निळा आणि मोठ्या लांबीला लाल, कारण मूळ प्रकाश तुमच्या रिमोटसारखाच, डोळ्यांना न दिसणारा.