पट्टीवरचं नाव

(दृश्य: मेजावर ओळीने मांडलेल्या सोनेरी बाहुल्या. एकीच्याही चौथऱ्यावर नाव नाही.)

सोहळा संपलाय. ज्यांची नावं आज रात्री जगभर ऐकली गेली, ती माणसं आता मेजवानीच्या दालनात एका टेबलापाशी थांबली आहेत. प्रत्येकाच्या हातात ऑस्करची बाहुली. साडेतेरा इंच उंच, साडेआठ पौंड वजनाची, म्हणजे चार किलोंच्या आसपास. टेबलापलीकडचा माणूस बाहुली हातात घेतो, तिच्या चौथऱ्यावर धातूची छोटी पट्टी बसवतो आणि परत देतो. पट्टीवर विजेत्याचं नाव असतं.

थोड्या वेळापूर्वी मंचावर त्यांनी जी उंचावून दाखवली, ती बाहुली कोरी होती. कोरीच असावी लागते. नाव आधी कोरायचं, तर निकाल आधी कुणाला तरी सांगावा लागेल. म्हणून नामांकन मिळालेल्या प्रत्येकाच्या नावाची पट्टी तयार करून ठेवतात. 2010पासून ही पद्धत आहे. त्याआधी विजेत्यांना बाहुली ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडे परत द्यावी लागायची आणि नाव कोरून येईपर्यंत काही आठवडे वाट पाहावी लागायची.

ज्यांना पुरस्कार मिळत नाही, त्यांच्याही पट्ट्या त्या रात्री तिथे असतात. त्या पुन्हा धातू म्हणून वापरायला जातात. हा सोहळा पाहताना मला दरवर्षी त्या पट्ट्या आठवतात.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. मेजवानीचं दालन, पांढरे टेबलक्लॉथ.)

16 मे 1929. लॉस एंजेलिसमधलं हॉलिवूड रूझवेल्ट हॉटेल. पहिला ऑस्कर सोहळा. पाहुणे सुमारे 270, तिकीट 5 डॉलर. जेवण झालं, भाषणं झाली आणि पुरस्कार वाटायला लागली फक्त 15 मिनिटं. उत्कंठा कसली नव्हतीच, कारण विजेते कोण हे तीन महिने आधी जाहीर झालं होतं. सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेले एमिल यानिंग्ज तर त्या रात्री हजरही नव्हते. त्यांना युरोपला परतायचं होतं, म्हणून त्यांची बाहुली त्यांना आधीच देऊन टाकली होती. इतिहासातला पहिला ऑस्कर असा दिला गेला. मंच नाही, टाळ्या नाहीत, पाकीट नाही.

ते पाकीट यायला आणखी 12 वर्षं जायची होती. आणि ते का आलं, हे समजून घ्यायचं तर एका रात्रीपाशी जरा थांबावं लागेल.

(दृश्य: अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलचं जुनं छायाचित्र. हळूहळू काळोख.)

29 फेब्रुवारी 1940. अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलमधलं कोकोनट ग्रोव्ह. त्या काळी विजेत्यांची यादी वर्तमानपत्रांना आधी मिळायची, अट एवढीच की रात्री अकरापर्यंत छापायची नाही. त्या वर्षी लॉस एंजेलिस टाइम्सने ती संध्याकाळच्याच अंकात छापली. सोहळ्याला निघालेले पाहुणे वाटेत अंक विकत घेऊन निकाल वाचत आत येत होते. पुढच्या वर्षीपासून निकाल बंद पाकिटात गेला.

पण त्याच रात्री, त्याच दालनात, भिंतीलगत एक लहानसं टेबल होतं. तिथे अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल बसल्या होत्या, सोबत्यासह आणि आपल्या एजंटसह. कृष्णवर्णीयांना त्या हॉटेलात प्रवेश नव्हता. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी शब्द टाकला, म्हणून त्यांना आत घेतलं गेलं. त्यांच्याच चित्रपटातले बाकीचे कलाकार दुसरीकडे, पुढच्या टेबलावर. भिंतीपासच्या त्या खुर्चीतून उठून मॅकडॅनियल मंचापर्यंत चालत गेल्या आणि सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार घेतला. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. आपल्या लोकांना आणि चित्रपटसृष्टीला आपला अभिमान वाटत राहावा, एवढीच इच्छा त्यांनी बोलून दाखवली. पुन्हा येऊन त्याच टेबलावर बसल्या.

जिंकण्याने त्यांचं काय बदललं? ज्या भूमिकेसाठी पुरस्कार मिळाला ती घरकाम करणाऱ्या बाईची होती. नंतरही त्यांच्याकडे बहुतेक तशाच भूमिका येत राहिल्या. 1952मध्ये त्या गेल्या. हॉलिवूडच्या ज्या दफनभूमीत विसावायची त्यांची इच्छा होती, तिने त्यांना जागा नाकारली. सहायक कलाकारांना त्या काळी बाहुली देत नसत, एक फलक देत. तो फलक त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाला दिला होता, आणि तिथून तो कधीतरी नाहीसा झाला. ऑक्टोबर 2023मध्ये अकादमीने विद्यापीठाला त्याच्या जागी नवा फलक दिला. मॅकडॅनियल यांच्यानंतर अभिनयाचा ऑस्कर दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या, व्हूपी गोल्डबर्ग यांच्या हातात आला तो 1991मध्ये. मधे 51 वर्षं गेली.

(दृश्य: डॉल्बी थिएटर, सोहळ्याच्या आदल्या दिवशी. खुर्च्यांवर ताऱ्यांचे फोटो लावलेले पुठ्ठे.)

आता आजचा मंच पाहू. 2002पासून हा सोहळा हॉलिवूडमधल्या ज्या थिएटरात होतो, त्याचं आजचं नाव डॉल्बी थिएटर. तालमीच्या दिवसांत प्रेक्षागृहात माणसांच्या जागी पुठ्ठे असतात. कोणता तारा कुठे बसणार, हे कॅमेरावाल्यांना पाठ व्हावं म्हणून प्रत्येक खुर्चीवर चेहरा आणि नाव. विजेत्यांच्या जागी बदली कलाकार येतात. सूत्रधार पाकीट उघडतो आणि म्हणतो, 'फक्त या तालमीपुरता, ऑस्कर जातोय...' मग कुणीतरी उठतं, पायऱ्या चढतं, खोटी बाहुली घेतं, आभार मानतं. प्रत्येक विभागासाठी हे होतं, कारण विजेता पहिल्या रांगेतून येईल की बाराव्या, हे कुणालाच ठाऊक नसतं. कॅमेऱ्याला दोन्ही वाटा माहीत हव्यात.

प्रत्यक्ष रात्री आणखी एक ताफा कामाला लागतो. कुणी तारा उठून बाहेर गेला की त्याच्या खुर्चीत पटकन जाऊन बसणारी माणसं. पोशाख तसाच उंची, पण कुणाशी आपणहून बोलायचं नाही. खुर्ची रिकामी दिसू द्यायची नाही, एवढंच काम. 19 मार्च 1953ला हा सोहळा पहिल्यांदा टीव्हीवर दिसला, तेव्हापासून तो दालनातल्या लोकांइतकाच घरी बसलेल्यांसाठीही आहे. रिकामी खुर्ची घरून दिसते.

घड्याळही त्यामुळेच आलं. विजेत्याला बोलायला 45 सेकंद. समोरच्या पडद्यावर आकडे उलटे मोजले जातात आणि वेळ संपली की वाद्यवृंद सुरू होतो. 2013मध्ये तर वादक थिएटरात नव्हतेच, मैलभर लांबच्या एका इमारतीत बसून वाजवत होते. आयुष्यभर पडद्यामागे राबलेल्या माणसाला एकदाच माइक मिळतो, आणि त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत व्हायोलिन सुरू होतात. मला हे कधीच पटलेलं नाही.

2022मध्ये त्याहून वाईट झालं. संकलन, ध्वनी, रंगभूषा आणि केशभूषा, मूळ संगीत, निर्मितीरचना आणि तिन्ही लघुपट विभाग, असे आठ पुरस्कार थेट प्रक्षेपण सुरू होण्याआधी देऊन टाकले. मग ते कापून, आटोपशीर करून मधेमधे दाखवले. कार्यक्रम लांबतो, हे कारण. ज्यांच्या हातांनी चित्रपट उभा राहतो, नेमक्या त्यांनाच थेट प्रक्षेपणाबाहेर ठेवलं. चित्रपटसृष्टीतूनच जोरदार विरोध झाला आणि 2023ला सगळे 23 पुरस्कार पुन्हा थेट दिले गेले.

मंचावरच्या माणसांसाठी दालनातली माणसं उभी राहिलेलीही मी पाहिली आहेत. 9 फेब्रुवारी 2020. दक्षिण कोरियाचा 'पॅरासाइट' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. इंग्रजी नसलेल्या चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. मंचावर गर्दी, एक भाषण झालेलं, आणि दिवे मंदावले. कार्यक्रम संपवायची ती खूण होती. पहिल्या रांगांतून आवाज उठला: 'अप! अप!' दिवे वर करा! दिवे परत लागले आणि पुढचं बोलणं झालं.

(दृश्य: लाल पाकीट. अगदी जवळून.)

पाकिटांचं काम हिशेबतपासणीसांकडे असतं. अकादमीचे दहा हजारांच्या आसपास सदस्य मतं देतात. नामांकनं बहुतेक त्या त्या शाखेतले ठरवतात, म्हणजे संकलक संकलकांची आणि छायालेखक छायालेखकांची, तर अंतिम मतदान सगळ्यांचं. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नुसती एकावर खूण करायची नसते, पसंतीचा क्रम लावायचा असतो. पाकिटांचे दोन संच बनतात, मंचाच्या दोन्ही विंगांत एकेक.

26 फेब्रुवारी 2017ला घात झाला तो या दुसऱ्या संचामुळेच. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पाकीट एका विंगेतून उघडलं गेलं होतं, त्याची जोड दुसऱ्या विंगेत शिल्लक होती, आणि शेवटच्या, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्कारासाठी, तो जाहीर करायला आलेल्या वॉरन बेटी यांच्या हातात तीच पडली. त्यांनी कार्ड वाचलं, थबकले, पुन्हा पाकिटात डोकावले. सोबतच्या फे डनवे यांनी कार्डावर अभिनेत्रीच्या नावाबरोबर दिसलेलं चित्रपटाचं नाव वाचलं: 'ला ला लँड'. निर्माते मंचावर आले, बाहुल्या हातात घेतल्या, आभार मानू लागले. दोन मिनिटांहून जास्त वेळ ते विजेते होते. मग त्यांच्यातलेच जॉर्डन होरोविट्झ माइकपाशी आले आणि म्हणाले, चूक झाली आहे, 'मूनलाइट', तुम्ही जिंकलात. त्यांनी खरं कार्ड कॅमेऱ्यापुढे धरलं आणि आपल्या हातातली बाहुली स्वतः पुढच्या माणसाला दिली. त्या रात्रीचं याहून मोठं काही मला आठवत नाही.

(दृश्य: काचेच्या पेटीतली एकटी बाहुली.)

बाहुलीची किंमत किती? 1950पासूनचा नियम सांगतो की विजेत्याला किंवा त्याच्या वारसांना ती विकायची असेल, तर आधी अकादमीला द्यायला हवी, 1 डॉलरला. त्याआधीच्या बाहुल्यांना हे बंधन नाही. हॅरल्ड रसेल युद्धकाळात सैन्यात होते. स्फोटात दोन्ही हात गेले. परतलेल्या सैनिकाच्या भूमिकेसाठी 1947च्या सोहळ्यात त्यांना एकाच कामाबद्दल दोन ऑस्कर मिळाले, एक अभिनयाचा आणि एक मानाचा. 1992मध्ये त्यांनी अभिनयाचा ऑस्कर लिलावात काढला. पत्नीच्या उपचारांसाठी पैसे हवे आहेत, असं त्यांनी सांगितलं. अकादमीने विरोध केला, तरी तो 60,500 डॉलरना गेला. दुसरा त्यांनी विकला नाही.

त्याच 1992मध्ये, मार्चअखेर, सत्यजित राय यांना जीवनगौरव ऑस्कर दिला गेला. ते कोलकात्यात रुग्णशय्येवर होते. बाहुली हातात धरून ते तिथूनच बोलले आणि ते चित्रण सोहळ्यात दाखवलं. 23 एप्रिलला ते गेले.

(दृश्य: 11 एप्रिल 1983. डोरोथी चँडलर पॅव्हिलियनच्या मंचाकडे चालत येणाऱ्या भानू अथैया.)

पहिला ऑस्कर सोहळा झाला, त्याच्या अठराच दिवस आधी कोल्हापुरात भानू अथैया यांचा जन्म झाला होता, 28 एप्रिल 1929ला. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. भाषण अगदी थोडक्यात. हे खरं वाटत नाही, असं म्हणाल्या, आणि जगाचं लक्ष भारताकडे वळवल्याबद्दल दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचे आभार मानले. वाद्यवृंदाला त्यांना थांबवायची वेळच आली नाही.

बाहुली जवळजवळ तीस वर्षं त्यांच्यापाशी होती. तोवर रवींद्रनाथांचं नोबेल पदक 2004मध्ये शांतिनिकेतनमधून चोरीला गेलं होतं. आपल्यामागे हिचं काय होईल, ही काळजी भानूताईंना लागली. 2012मध्ये, वयाच्या 83व्या वर्षी, त्यांनी ती जपून ठेवण्यासाठी अकादमीच्या हवाली केली. 15 ऑक्टोबर 2020ला त्या गेल्या. बाहुली लॉस एंजेलिसला आहे, पट्टीवर त्यांचं नाव आहे.