पाण्याविना दिलेलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. उसाचा हंगाम तोंडावर आला की आमच्या गावात लोहाराच्या भात्यापुढं कोयत्यांचा ढीग पडायचा. लोहारमामा पातं लालबुंद करायचे, पाण्यात बुडवायचे, चर्र आवाज व्हायचा. मग धारेवर कानस फिरवून बघायचे. कानस घसरली की म्हणायचे, "बसलं पाणी."

आज बोलायचंय ते याच पाण्याबद्दल, म्हणजे पोलाद कडक करण्याबद्दल, हार्डनिंगबद्दल. फक्त इथं पाणी नाही, लेसर आहे.

पोलादात थोडा कार्बन असतो. साधारण ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि तो कार्बन तिच्यात विरघळतो. सावकाश गार केलं तर तो निवांत बाहेर पडतो, पोलाद मऊच राहतं. झटक्यात गार केलं तर बिचाऱ्याला निघायला सवडच मिळत नाही. तो आतच अडकतो, मांडणी ताणली जाते. या ताठरलेल्या रूपाचं नाव मार्टेन्साइट.

माझ्या वर्कशॉपातला एक लांब शाफ्ट मी एकदा अख्खा तापवून हार्डनिंग करून घेतला. परत आला तो बाक घेऊनच! पुढचे दोन दिवस ग्राइंडिंगमध्ये गेले. खरं तर मला कडक हवी होती ती फक्त बेअरिंग बसते तेवढीच जागा.

लेसर नेमकं तेवढंच करतो. झोत पडेल तिथली कातडी क्षणात हजार अंशांच्या पुढं जाते, बाकीचा जॉब, म्हणजे कामाला घेतलेला तुकडा, गारच. झोत पुढं सरकला की खालचं थंड लोखंड ती उष्णता ओढून घेतं. जॉब स्वतःच स्वतःला पाणी देतो म्हणा ना! कडक थर साधारण एक मिलिमीटरचा, आतला गाभा पहिल्यासारखाच चिवट, आणि बाक अगदी कमी.

कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार केला तो आपल्या बारामतीत जन्मलेल्या, पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेल्या कुमार पटेल यांनी. हार्डनिंगसाठी तो वापरायचा तर एक अडचण होती. त्याचा प्रकाश चकचकीत धातूवरून बहुतांश परत फिरतो. म्हणून घासूनपुसून आणलेल्या जॉबला आधी चक्क काळं फासायचं! हल्लीच्या डायोड लेसरचा प्रकाश लोखंड जास्त शोषतं, त्यामुळे तिथं बहुतेकदा ही वेळ येत नाही.

दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. एमएसमध्ये, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलमध्ये, कार्बन फार कमी, त्याच्यावर कितीही झोत मारा, कानस चालतच राहणार. आणि रुंद जागेवर शेजारी शेजारी पट्टे मारले की दुसऱ्या पट्ट्याची ऊब पहिल्याची कड मऊ करते. ती कड कुठं येणार, हे आधीच ठरवायला हवं.

कोयता मात्र लोहारमामांकडंच न्या. पातळ पात्यात उष्णता ओढून घ्यायला मागं गार लोखंड असतंच कितीसं? आणि वरचा कडक थर चार वेळा धार लावताच घासून जायचा.